दोन समुद्रांच्या मधलं आष्टा

कोयनेचं पाणी दोन समुद्रांना मिळतं. शाळेत आपण शिकलो ते एवढंच, की महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते आणि मग दोघी मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरतात. हे खरं आहे, पण अर्धंच. कोयना धरणातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवायची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिलेली आहे. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून उतरतं, पोफळीच्या बाजूची वीजघरं फिरवतं, कोळकेवाडीला येतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. धरणातून पूर्वेला सुटलेलं पाणी पाटण, कराड, बहे, वाळवा असं करत आमच्या आष्ट्याच्या शिवाराजवळून सांगलीकडे सरकतं आणि पुढे कर्नाटक, तेलंगणा ओलांडून आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळतं. पाऊस एकच, तो पडला तोही एकाच डोंगरावर. त्यातला एक वाटा पन्नास-साठ किलोमीटरवरच्या समुद्रात गेला आणि दुसऱ्याला हजार-बाराशे किलोमीटरची पायपीट करावी लागली.

आष्ट्याच्या माणसाने समुद्रावर का लिहावं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. आमच्याकडे ऊस आहे, हळद आहे, एका अंगाला कृष्णा आणि दुसऱ्या अंगाला वारणा आहे. समुद्र नाही. कोकणचा किनारा सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये सह्याद्री उभा. तरीही या दोन समुद्रांच्या मधून एक प्राणी ये-जा करतो आणि त्याच्या वाटेवर काय काय होतं ते पाहिलं, की आपण त्या वाटेपासून समजतो तेवढे लांब नाही आहोत हे लक्षात येतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या दोन ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवले गेले. एकीचं नाव ठेवलं बागेश्री, दुसरीचं गुहा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र वन विभागाचं कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा उपक्रम. बागेश्री दक्षिणेला निघाली. कर्नाटक, केरळ मागे टाकून कन्याकुमारीला वळली, श्रीलंकेला वळसा घालून जुलैत बंगालच्या उपसागरात शिरली. वाशिष्ठीच्या मुखापासून जवळच वाळूत अंडी घालून गेलेली मादी पाच महिन्यांत त्या समुद्रात पोचली, ज्याला आमची कृष्णा मिळते.

उलटा प्रवासही सापडला, आणि तो जास्त चक्रावणारा आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरलाच अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी दिसली. पट्टीवर क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी ही पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथाला लावलेली होती. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी निदान साडेतीन हजार किलोमीटर पोहून पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला आली. तोपर्यंत दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी, त्यांचे संसार वेगळे, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं होतं. जाता-येता ती कृष्णेच्या मुखासमोरून कुठून तरी गेली असणार.

*

किनाऱ्यावरची गोष्ट महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेची माणसं सागरी गरुडाची घरटी शोधत वेळासला पोचली. मंडणगड तालुक्यातलं, सावित्रीच्या मुखाजवळचं हे गाव तोवर ओळखलं जायचं ते नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून. तिथे वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी खणून नेली जात होती, खाल्ली जात होती, विकली जात होती. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला बरोबर घेतलं. रात्री आणि पहाटे किनाऱ्यावर गस्त घालायची, मादीच्या सरपटण्याची खूण शोधायची, अंडी काढून कुंपणातल्या वाळूत त्याच खोलीवर पुन्हा पुरायची, पंचेचाळीस ते साठ दिवस राखण करायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. अंडी खणणारे हातच राखणदार झाले. मग कासव महोत्सव आला, घराघरांतून पर्यटकांची मुक्कामाची सोय झाली, उकडीचे मोदक आले. आंजर्ले, गुहागर, दिवेआगर, खाली सिंधुदुर्गापर्यंत ही पद्धत पसरली आणि वन विभागाने 'कासवमित्र' नेमले.

हे काम फार मोठं आहे आणि त्याचं कौतुक कमीच झालं आहे, असं मला वाटतं. पण त्याची हद्द भरतीच्या रेषेशी संपते. टोपली उचलली, इवलीशी काळी पिल्लं लाटेकडे धावली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. पुढे काय? हजारातलं एखादंच मोठं होतं असं सांगतात आणि ऐकणारा हळहळून जेवायला जातो. पिल्लांना मासे खातात, पक्षी खातात. तो निसर्गाचा हिशोब आहे आणि शंभर-सव्वाशे अंडी एका वेळी घालून कासवाने तो केव्हाच जमेस धरला आहे. हिशोबात नसतं ते मोठ्या मादीचं मरण. दहा-पंधरा वर्षं जगून, सगळ्या चाळण्यांतून पार पडून जी पहिल्यांदा अंडी घालायला किनाऱ्याजवळ येते, ती एक मादी गेली की तिच्या पुढच्या कित्येक वर्षांची घरटी तिच्याबरोबर जातात. एका घरट्याची राखण करून ती तूट भरत नाही.

आणि ती मरते कुठे? किनाऱ्यापासून पाच-दहा किलोमीटरवर, मासेमारीच्या भर हंगामात. कोकणात कासवाची घरटी साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात होतात. पावसाळ्यातली मासेमारी बंदी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं १ जून ते ३१ जुलै अशी पाळली गेली. माशांच्या विणीचा आणि खवळलेल्या दर्याचा तो काळ, त्यामुळे बंदी योग्यच. पण कासवाचं पंचांग वेगळं आहे. माद्या आणि नर ज्या महिन्यांत किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जमतात, नेमक्या त्याच महिन्यांत ट्रॉलर सगळ्यात जोरात असतात.

कासव माशासारखं पाण्यात श्वास घेत नाही, त्याला फुप्फुसं आहेत. निवांत असेल तर ते बराच वेळ पाण्याखाली राहतं. जाळ्यात सापडून धडपडायला लागलं की साठवलेली हवा भराभर संपते. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून दोन-तीन तास ओढलं जातं. जाळं वर येईपर्यंत ते बुडून मेलेलं असतं. समुद्री प्राणी बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर मेलेली कासवं येऊन पडतात त्यांतल्या फार मोठ्या संख्येचं कारण हेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या आसपासच्या किनाऱ्यांवर काही आठवड्यांत शेकडो ऑलिव्ह रिडले मरून पडली. शवविच्छेदनात बुडून मरण आल्याची लक्षणं दिसली आणि राष्ट्रीय हरित लवादाने आपणहून दखल घेतली. तमिळनाडूत किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलरला मनाई आहे. कागदावर.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक केला गेला. एलईडी दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करून पकडायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री कोकणच्या कुठल्याही टेकडीवरून समुद्राकडे पाहा, क्षितिजावर दिव्यांची रांग दिसेल. ते सगळेच बेकायदा असतात असं नाही. पण कुठला दिवा कसला, हे तपासायला गस्तीच्या नौका किती आहेत हे मच्छीमार सोसायटीत कुणालाही विचारा.

*

एक योजना मात्र मला शहाणपणाची वाटते. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात, जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. प्राणी सोडल्याचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा, अर्ज करायचा. यातून ऑलिव्ह रिडले सुटली, हिरवी कासवं सुटली, अवाढव्य व्हेल शार्क म्हणजे बहिरी मासेही सुटले. कोळी समाजात कासवाला देव मानणारे पुष्कळ आहेत. जिवंत सापडलं तर हळद-कुंकू लावून सोडणारे आहेत. पण तांडेलापुढचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्यापुढचा, पेच खरा असतो. डिझेल जाळून, खलाशांचा खर्च डोक्यावर घेऊन आलेला माणूस हजारोंचं जाळं कापताना कचरणारच. सरकारने त्याच्या श्रद्धेला उपदेशाऐवजी पैशाची जोड दिली, हे बरं केलं. मेलेल्या कासवाला अर्थातच या योजनेचा काही उपयोग नाही.

त्यासाठीचं उत्तर दुसरं आहे आणि तेही नवं नाही. ट्रॉलच्या जाळ्यात मधोमध तिरकी लोखंडी जाळी बसवायची. गजांमधल्या फटींतून कोळंबी आणि मासे मागच्या पिशवीत जातात. कासव गजांना अडतं, वर सरकतं आणि झडपेतून बाहेर पडतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला टेड म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना सोसेल असं देशी टेड तयार केलं. मच्छीमारांचं म्हणणं, झडपेतून कोळंबीही जाते. थोडी जाते हे खरं.

इथे आंतरराष्ट्रीय राजकारण आलं आणि प्रश्न विचित्र झाला. अमेरिकेने आपल्या कायद्यात असं कलम घातलं, की कासव वाचवायची सोय न करता पकडलेली कोळंबी आयात करायची नाही. १९९६ मध्ये भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड या चौघांनी जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध तक्रार केली. १९९८ चा निकाल दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येईल असा लागला: कासव वाचवण्याचा हेतू वैध, राबवण्याची पद्धत पक्षपाती. पुढे अमेरिकेने पद्धत सुधारली, आपण टेड लावलं नाही, आणि २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिकेत जात नाही. आता निर्यात करणाऱ्या संस्थाच टेडचा आग्रह धरू लागल्या आहेत. जे कायद्याने आणि कळवळ्याने झालं नाही ते बाजाराने होईल की काय, अशी चिन्हं आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. कासवाला हेतूशी काय करायचं?

*

समुद्रात स्थलांतर करणाऱ्या जिवाला वाचवायचं म्हणजे काय, हे समजून घ्यायला पेंग्विनकडे पाहावं लागतं. महाराष्ट्राला पेंग्विन माहीत आहेत ते भायखळ्याचे. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आले आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहायला मिळाले. एक त्याआधीच दगावला होता. मग त्यांच्या वातानुकूलनाचा खर्च, टेंडरं आणि त्यावरून रंगलेलं राजकारण यांवर एवढं बोललं गेलं, की या पक्ष्यांचे भाऊबंद पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर कसे आहेत, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ते तिथे मासळीच्या जाळ्यांत अडकून मरतात. त्यांचं मुख्य खाणं म्हणजे अँकोव्ही नावाचे लहान मासे, ते दळून जगभर कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जातात. कहाणी वेगळी नाही, पोशाख तेवढा वेगळा.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट बागेश्रीच्या आधीची आहे. २३ जून २००० रोजी 'ट्रेझर' नावाचं मालवाहू जहाज केपटाउनजवळ बुडालं. तेल पसरलं ते रॉबेन आणि डासेन बेटांच्या मधोमध, म्हणजे आफ्रिकी पेंग्विनांच्या भर वस्तीत. पिसांना तेल लागलं की पिसांची ऊब जाते आणि पक्षी थंड पाण्यात गारठून मरतो. सुमारे एकोणीस हजार तेलकट पेंग्विन माणसांनी हातांनी धुतले. आणखी साडेएकोणीस हजार, ज्यांना अजून तेल लागलं नव्हतं, त्यांना पकडून ट्रकांतून आठ-नऊशे किलोमीटर लांब पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडलं. हिशोब असा, की हे पक्षी घरी पोहत येईपर्यंत किनारा साफ होईल. झालंही तसंच. त्यांतल्या तिघांच्या पाठीवर ट्रान्समीटर होते: पीटर, पर्सी आणि पामेला. लोक रोज त्यांचे ठिपके पाहत होते, आपल्याकडे पुढे बागेश्रीचा पाहिला तसे.

पण त्या विजयानंतरची पंचवीस वर्षं जास्त शिकवणारी आहेत. धुतलेले पेंग्विन वाचले, त्यांची जात मात्र घसरतच गेली. कारण सार्डीन आणि अँकोव्ही कमी झाले: काही समुद्राचं तापमान बदलल्याने, काही जाळ्यांनी ओढून नेल्याने. २०२४ मध्ये आफ्रिकी पेंग्विनाला 'अतिसंकटग्रस्त' ठरवण्यात आलं. वीण करणाऱ्या जोड्या दहा हजारांहूनही कमी उरल्या. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: सहा वसाहतींच्या भोवती ठरावीक पाण्यात दहा वर्षं सार्डीन-अँकोव्हीची मासेमारी बंद. पक्षी धुणं हे पुण्याचं काम होतं, गर्दी जमवणारं होतं. मासेमारी कुठे थांबवायची याचा नकाशा काढणं रूक्ष, भांडणाचं आणि वकिलांचं. वाचवलं तर ते दुसरंच वाचवील.

अर्जेंटिनात तसा नकाशा खरंच बदलला. पुंता तोम्बोचे मॅजेलानिक पेंग्विन हिवाळ्यात उत्तरेला ब्राझीलकडे पोहत जातात. ऐंशीच्या दशकात त्या किनाऱ्यावर वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास पेंग्विन तेलाने मरत होते. त्यातलं बरंचसं तेल टाक्या धुऊन ते पाणी समुद्रात सोडणाऱ्या जहाजांचं. डी बोर्स्मा या अमेरिकी संशोधक बाई वर्षानुवर्षं मेलेले पक्षी मोजत राहिल्या. १९९७ मध्ये तेलवाहू जहाजांची वाट किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर बाहेर सरकवली गेली आणि तेलाने माखलेले पक्षी सापडणं जवळजवळ थांबलं. पक्ष्यांची वाट बदलता येत नाही, जहाजांची येते.

आपल्या कासवांच्या वाटेवरच्या जहाजांचं पाहू. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' पेटलं. रसायनं आणि प्लास्टिकचे अब्जावधी बारीक मणी समुद्रात गेले, चारशेहून जास्त मेलेली कासवं श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागली. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे जहाज ६४० कंटेनर घेऊन बुडालं आणि तसलेच मणी तिरुवनंतपुरमच्या वाळूत आले. मुंबई, कोची, कोलंबो. तिन्ही ठिकाणं ऑलिव्ह रिडलेच्या येण्या-जाण्याच्या पाण्यात. पावसाळ्याच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांना दरवर्षी लागणाऱ्या डांबराच्या गोळ्यांची बातमी तर आता बातमीही राहिलेली नाही.

*

उपग्रहाच्या ठिपक्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. बागेश्रीच्या आधी, २०२२ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच पाच माद्यांना ट्रान्समीटर लावले गेले होते: वेळासला प्रथमा, आंजर्ल्याला सावनी, गुहागरला रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. प्रथमा गुजरातच्या दिशेने गेली. लक्ष्मीचे संदेश काही आठवड्यांतच थांबले. यंत्र बंद पडलं, ते निसटून पडलं की कासवच गेलं, हे थांबलेला ठिपका सांगत नाही. कासव वर येऊन श्वास घेतं तेव्हाच यंत्र उपग्रहाशी बोलतं. एरवी आपल्याला जे कळतं ते लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या कासवांकडून.

पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो तेव्हा पालघर-मुंबईच्या किनाऱ्याला जखमी कासवं लागतात. डहाणूला त्यांच्यावर उपचार करणारं केंद्र आहे. तिथे येणाऱ्या कितीतरी कासवांचा एखादा पाय मुळापासून गेलेला असतो. बोटीवरून टाकून दिलेल्या किंवा तुटलेल्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा समुद्रात वर्षानुवर्षं तरंगतो. कासव त्यात अडकतं, ओढत ओढत जगतं, धागा मांसात रुततो आणि पाय गळून पडतो. अशी तीन पायांची कासवं बरी करून सोडतात. मादी असेल तर एका मागच्या पायाने खड्डा कसा खणणार, हा प्रश्न तिच्याबरोबर समुद्रात जातो.

नायलॉनवरून आष्ट्याकडे वळायला हरकत नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर ओसरल्यावर कृष्णाकाठच्या झाडांवर माणसाच्या उंचीच्याही वर प्लास्टिक लटकलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. खताच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या. आता, आष्ट्याची पिशवी हंसलदीवीला जाऊन कासवाच्या गळ्यात अडकते, असं म्हणायचा मोह होतो. लिहायला ते छान दिसेल, पण मला ते पटत नाही. मध्ये अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. बहुतेक कचरा वाटेतच गाळात बसत असणार. कमी पावसाच्या वर्षी तर कृष्णेचं पाणीसुद्धा समुद्रापर्यंत पुरत नाही.

खरा अपराध त्याच्या उलट आहे. समुद्रापर्यंत जे पोचायला हवं, तेच आपण पोचू देत नाही: वाळू. कृष्णेच्या मुखाजवळचे किनारेही ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांचे. ते बनले सह्याद्रीपासून दख्खनपर्यंतची माती आणि वाळू वाहून. धरणांनी ती अडवली, नदीच्या मुखाचा त्रिभुज प्रदेश पुढे सरकायचा थांबला आणि जागोजागी समुद्र त्याला खाऊ लागला. धरणांशिवाय आमचा ऊस उभा राहणार नाही, तेव्हा त्याविरुद्ध मी आष्ट्यात बसून बोलणं ढोंगीपणाचं होईल. पण पात्रातून रात्री उपसली जाणारी वाळू धरणाने अडवलेली नाही. सातारा-सांगलीत वाळूचे ट्रक, त्यांच्यावरचे छापे आणि तहसीलदारांवरचे हल्ले यांच्या बातम्या छापून आल्या आहेत. घर बांधताना या वाळूची पावती कुठे आहे, असं विचारणारे आपल्यात किती निघतील?

दुसरा धागा बाजारातला. आमच्या आठवडी बाजारात सुकट, बोंबील, जवळा, सुका बांगडा वर्षभर विकला जातो. पावसाळ्याआधी तर घाटावरची घरंच्या घरं त्याची बेगमी करतात. घाट चढून आलेल्या या मासळीतली कुठली डोलीची, कुठली ट्रॉलची, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डोल म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेलं जाळं. ट्रॉल तळ खरवडत जातो. ट्रॉलमध्ये खायला न लागणारी बारीक मासळी ढिगाने येते. ती कारखान्यात दळून कोंबड्यांच्या आणि शेततळ्यांतल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. त्या कोळंबीच्या शेतीचा मोठा भाग आंध्रात, कृष्णेच्याच मुखाशी आहे. पोल्ट्रीच्या शेडमध्ये उभा असलेला आमचा शेतकरी समुद्राचं इतकं जुनं गिऱ्हाईक आहे, हे त्याला माहीत नसतं. बारीक मासळीचा बाजार चालतो म्हणून ट्रॉलर भरून परत येणं परवडतं. तो बाजार नसता तर कित्येक फेऱ्या तोट्यात गेल्या असत्या.

*

मग करायचं काय? ओडिशाने केलेलं समोर आहे. धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांभोवती वीस किलोमीटरच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारी बंद. सात महिने. तिथे एकेका रात्री हजारोंनी माद्या वाळूवर येतात, म्हणून बंदी एका जागेवर बांधता येते. महाराष्ट्राच्या जुन्या मोजणीने ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर घरटी पांगलेली: इथे दहा, तिथे तीस. सगळीकडे सात महिने बंदी घातली तर छोटा मच्छीमार उपाशी मरेल आणि तिसऱ्या महिन्याला ती मोडेल. ओडिशातही बाधित कुटुंबांना सरकार वर्षाला काही रक्कम देतं आणि ती पुरत नाही ही तिथली जुनी तक्रार आहे.

पण वेळास ते गुहागर हा पट्टा लहान आहे. घरटी दाट होतात ते जानेवारी ते मार्च हे तीन महिने. त्या पट्ट्यात, तेवढ्या तीन महिन्यांत, फक्त यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यापासून बाहेर ठेवायचे. डोलीवाल्याला, गळ टाकणाऱ्याला, लहान होडीवाल्याला हात लावायचा नाही. बाकी किनाऱ्यावर ट्रॉलरला टेड सक्तीचं, आणि ते सरकारने फुकट बसवून द्यायचं. झडपेतून निसटणाऱ्या कोळंबीचा तोटा पहिली काही वर्षं भरून द्यायचा. कापलेल्या जाळ्याचे पैसे देता येतात, तर हेही देता येतील. कुठे थांबायचं याची रेषा तांडेल आणि कासवमित्र यांना एका टेबलावर बसवून आखायची, कारण मादी कुठल्या पाण्यात थांबते हे दोघांनाही कुठल्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.

याने ट्रॉलची मासळी थोडी कमी होईल, तिचा भाव थोडा वाढेल. तो भार दाभोळ किंवा हर्णैच्या बंदरातच थांबणार नाही. कुंभार्ली घाट चढून कराड, इस्लामपूरवरून आष्ट्याच्या बाजारात सुकटाच्या टोपलीपर्यंत आणि पोल्ट्रीच्या खाद्याच्या पोत्यापर्यंत येईल, हे धरूनच मी ही मागणी करतो आहे.